गल्लीतली एक बाई

७८६
शहादा,
२० नोव्हेंबर २०२४

चि. मेहरून हिस अम्मीची दुआ व अ. उ. आ.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा तुझा फोन आला तेव्हा घरात जत्रा भरली होती. रईसने नेहमीप्रमाणे फोन स्पीकरवर टाकला, तस्लीम तव्यावरची भाकरी सोडून आली, दोन्ही नातवंडं मोबाइलला लोंबकळली आणि मी तुला जेवलीस का एवढंच विचारू शकले. भाऊ, भावजय, भाचरं, सगळ्यांशी बोललीस. अम्मीच्या वाट्याला काय आलं, तर भाजी कोणती केली! म्हणून आपलं हे पत्रच बरं. म्हसावदच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले त्याचा म्हातारपणी हा उपयोग. उर्दू वाचता येतं, लिहायला हात वळत नाही. आणि मोबाइलवर बोटं नाचवणं मला काही जमायचं नाही. तू पाठवलेल्या इंग्रजी पत्त्याच्या चिठ्ठ्या अजून सहा उरल्यात.

इकडे थंडी पडली. गाद्या-रजयांचे दिवस, त्यामुळे रईसच्या पिंजायच्या मशीनला उसंत नाही. घरभर कापूस उडतो, चहात पडतो. मी बसल्या बसल्या गाद्यांना टाके घालते. तुझे अब्बा जाऊन तीन वर्षं झाली, तरी अजून कापडाचं दुसरं टोक धरायला समोर कुणी आहे असं समजून हात पुढे करते. मग आपलंच हसू येतं.

एक काम होतं. आपल्या गल्लीत एक बाई राहायला आलीय, तू ओळखत नाहीस. तिला येता रमजान पुरा करायचाय. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तू घेतेस ना, तशी दोन-चार पाकिटं पाठवशील का? इथे मेडिकलवर मिळतात म्हणे, पण मेडिकलवाला पडला रईसचा दोस्त. बाईमाणसाने त्याच्यापुढे उभं राहून मागायचं तरी कसं? फोनवर याचं नावही काढू नकोस. उत्तर बेबीबाईच्या पत्त्यावर टाक. मागच्या गल्लीतली, आशाताईचं काम करते ती. तिच्याकडे सरकारी कागद येत असतात, त्यात एक पाकीट खपून जाईल.

जुबेरमियाँना सलाम, हफ्साच्या कपाळाला माझा मुका. आठवण ठेव, उशिरा का होईना लिहीत जा.
तुझी अम्मी,
हमिदाबी


७८६
लेस्टर,
१० डिसेंबर २०२४

ती. अम्मीस मेहरूनचा सलाम व कदमबोसी, वि. वि.

तुझं पत्र सतरा दिवसांनी मिळालं. पाकिटातून कापसाची एक चिमूट निघाली. मुद्दाम टाकलीस की उडून पडली? मी ती फेकली नाही.

इथे दुपारी चारला अंधार होतो. सँडविचच्या कारखान्यातून सुटते तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. घरी येते तर जुबेर टॅक्सीवर गेलेला आणि हफ्सा तिच्या खोलीत दार लावून. जेवण झाकून ठेवायचं आणि फ्रीजचा आवाज ऐकत बसायचं. चौदा वर्षांची झाली, अम्मी, माझ्यापेक्षा बोटभर उंच. तुझी पत्रं तिला वाचता येत नाहीत, मी वाचून दाखवते तर अर्ध्यात उठून जाते.

गोळ्या पाठवते. जुबेरची मामेबहीण लग्नासाठी सुरतेला चाललीय, ती तिथून कुरिअर करेल. ती बाई कोण, वय काय, मी विचारत नाही. आपल्या घरात असलं विचारायची रीत नाही हे तूच शिकवलंस. मला पहिल्यांदा पाळी आली तो रमजानच होता. तू मला सेहरीला उठवून सगळ्यांबरोबर बसवलंस, अब्बांच्या समोर रोज्याची नियत करायला लावलीस आणि दुपारी मोरीत ओढून, कडी लावून, एक केळं हातात दिलंस. साल माझ्या ओढणीत गुंडाळलीस. ओठ ओले दिसले म्हणून पदराने पुसलेस. ते केळं मी इतक्या घाईने गिळलं की अजून घशात आहे असं वाटतं.

आणि आमच्या बाईसाहेब! गेल्या रमजानात बापाच्या समोर बसून टोस्ट खाल्ला आणि वर सांगितलं की आज तिचा रोजा नाही. मी लाजेने अर्धी झाले. जुबेरने लोण्याची डबी तिच्याकडे सरकवली. त्या दिवशी मी हफ्साला खूप बोलले. ती म्हणाली की अब्बांना शाळेत हे सगळं शिकवलंय, तूच एकटी लपवतेस. त्यावर मी अजून दोन शब्द जास्त बोलले.

गुडघ्यांना तेल लाव. दुरून विचारणाऱ्या या लेकीवर माया असू दे.
तुझीच,
मेहरून


७८६
शहादा,
१४ जानेवारी २०२५

चि. मेहरूनला अ. उ. आ.

गोळ्या पोचल्या. त्या बाईने तुला पोटभर दुआ दिल्या. चौथ्या दिवशी थांबलं म्हणे. किती महिन्यांनी नमाजीला उभी राहिली, सजद्यात गेली आणि तिथेच रडली म्हणे. बिचारी एकटी आहे. नवरा नाही, मुलगा त्याच्या कामात. सांगत होती की पाच वेळा मन मोकळं करायची सवय लागलेली, ते दारच बंद झालं तर दिवस संपता संपत नाही. मी नुसतं हूं हूं केलं.

हफ्साचं वाचून मला घाम फुटला. अव माय, बापासमोर! पण लोण्याची डबी वाचून हसलेही. तुझे अब्बा असते तर घर सोडून मशिदीत जाऊन बसले असते. तरी पोरीला फार रागवू नकोस. रागावून पोरी बोलायच्या बंद होतात, हे मला माहीत आहे.

रईसच्या मोठ्याला शाळेत भाषणाचं बक्षीस मिळालं. तस्लीम चांगली वागते, तक्रार नाही, पण मी खोलीत काय करते हे तिला माहीत नसतं आणि मीही सांगत नाही. अजून चार पाकिटं मिळतील का? रमजान जवळ आला, त्या बाईकडचं संपत आलंय.

तब्येत सांभाळ. अम्मीला विसरू नये इतकंच मागणं.
हमिदाबी


७८६
लेस्टर,
४ फेब्रुवारी २०२५

ती. अम्मीस सलाम, वि. वि.

पाकिटं कुरिअरने टाकली आहेत. यानंतर माझ्याकडे नाहीत. त्या बाईला एवढं सांग की डॉक्टरला विचारल्याशिवाय इतके दिवस घेऊ नयेत. वय जास्त असेल तर मुळीच नाही. आतल्या कागदावर तसं लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं. वाचून पाकीट चिकटवलं.

अम्मी, तुझी पाळी जाऊन नऊ-दहा वर्षं झाली ना? काही नाही, सहज आठवलं.

इथे बायकांना दवाखान्यातून तपासणीचं पत्र येतं, आतून तपासतात. मला तिसरं आलंय. तिन्ही मी कपाटात टॉवेलांखाली ठेवली. हफ्साला टॉवेल हवा होता, तिने ती काढली. गेली का नाहीस म्हणून विचारत राहिली. म्हटलं मला काही होत नाही. मग ती म्हणाली की काही होत नसतं तेव्हाच बोलावतात, अम्मी. कोणाला दाखवू नये हे तू मला शिकवलंस, पण ते मी हिला कसं सांगू? मी टॉवेल घडी करत बसले. ती वाट बघून निघून गेली.

बाहेर बर्फ पडला आणि चिखल झाला. रईस, तस्लीमला सलाम. तुझी दुआ पाठीशी राहू दे.
मेहरून


७८६
शहादा,
१२ मार्च २०२५, अकरावा रोजा

मेहरून बेटा,

आज आशीर्वाद-बिशीर्वाद नंतर. खरं सांगस तुले. ती बाई मीच शे.

ऑगस्टात सुरू झालं. आधी नुसता डाग. मला वाटलं, गेलेली पाळी परत आली. म्हातारपणी जवानी आली म्हणून मोरीत एकटीच हसले सुद्धा. मग थांबेचना. नापाकीत नमाज कशी पढणार? घरात कळू नये म्हणून अजान झाली की खोलीत जायचे, दार ओढून जानमाज अंथरायचे आणि तिच्या शेजारी फरशीवर बसायचे. पंधरा मिनिटांनी घडी करून बाहेर. दिवसात पाच वेळा हे नाटक. मला दुखण्याची भीती वाटली नाही, बेटा. अल्लाहने मला दारातून परत पाठवलं याचंच वाईट वाटायचं. पिंजाऱ्याच्या घरात कापसाला काय तोटा? त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

तुझ्या गोळ्यांनी थांबलं होतं. तुझी दुसरी पाकिटं आली तीही घेतली. पण आठव्या रोज्याला गोळी चालू असतानाच पुन्हा सुरू झालं, गाठीच्या गाठी. सेहरीला उठले आणि चुलीपाशी घेरी येऊन पडले. रईसला सांगितलं, झोपेत पाय घसरला. रोजा तर तुटलाच, तरी मी दिवसभर ओठ कोरडे ठेवून सगळ्यांसमोर वावरते आणि मोरीत जाऊन पाणी पिते. बासष्टाव्या वर्षी. कोणापासून लपवते आता? तुझे अब्बा तर नाहीत.

ईदपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या कुठून मिळतात का बघ. ईद झाली की मग बघू.

तुझी अम्मी


७८६
लेस्टर,
२५ मार्च २०२५

अम्मी, सलाम.

पत्र वाचलं आणि तसाच फोन लावला. रईसने उचलला, स्पीकरवर टाकला. मी विचारलं कशी आहेस, तू म्हणालीस बरी शे. मी म्हटलं बरं. मग तुम्ही इफ्तारीला केलेल्या भज्यांवर बोललात. फोन ठेवून मी जिन्यावर बसले आणि हुंदके देऊन रडले. मला माहीत होतं, अम्मी. दुसरी पाकिटं टाकतानाच माहीत होतं. गल्लीत नवीन बाई कुठून येणार, आपल्या गल्लीत एक खोली रिकामी नाही! मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हणून विचारलं नाही.

आता नीट वाच. पाळी गेल्यावर बाईला रक्त जाणं ही पाळी नसते. तो आजार असतो, साधाही असेल, मोठाही असेल, तपासल्याशिवाय कळत नाही. गोळ्या बंद कर. इथे कुराण शिकवणाऱ्या आलिमाबाईंना मी विचारलं, माझ्याच एका मैत्रिणीचं सांगून. बघ, मीही तेच केलं. त्या म्हणाल्या की हे हैज म्हणजे पाळी नाही, ही बीमारी आहे. अशा बाईला नमाज माफ नाही, दर वक्ताला वजू करून पढायची. इतके महिने तू उगाच फरशीवर बसलीस, अम्मी. आणि आजारी माणसाला रोज्याची सक्ती नाही, हे तर तुलाही ठाऊक आहे.

बेबीबाईला घेऊन उद्याच्या उद्या बाईडॉक्टरकडे जा. हे पत्र कुरिअरने पाठवते, चार दिवसांत मिळेल. मी इथे बसून दुसरं काही करू शकत नाही, याचा मला फार राग येतो.
मेहरून


७८६
शहादा,
९ एप्रिल २०२५

चि. मेहरूनला अ. उ. आ.

ईद झाली. शीरखुर्मा केला. तुझा वाटा काढायची सवय आहे, तो बेबीबाईला दिला.

तुझं पत्र वाचून आधी वजू केला आणि नमाज पढले. पुढचं मग वाचलं. बेबीबाईला सगळं सांगावं लागलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली की गावभराच्या बायकांना मी हेच समजावत फिरते आणि मैत्रीण माझ्या नाकाखाली झिजत होती. दुसऱ्या दिवशी हाताला धरून तिने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई चांगल्या. पडदा लावला, हळू तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवीचं आतलं अस्तर जाड झालंय, धुळ्याला जाऊन तुकडा तपासायला द्यायचा, उशीर करू नका असं म्हणाल्या. चिठ्ठी लिहून दिली.

त्यांनी विचारलं, कधीपासून आणि काही गोळ्या घेतल्या का. मी बेबीबाईला आधीच बाहेर बसवलं होतं. सांगितलं, पंधरा दिवसांपासून, गोळी नाही. उद्या कुणी म्हणायला नको की लेकीने विलायतेहून गोळ्या पाठवून आईचं दुखणं वाढवलं. ते मी कबरीत घेऊन जाईन, काळजी करू नकोस.

धुळ्याला जायचं तर रईस पाहिजे. माझ्या पोटच्या पोराला मी पिशवीचं काय सांगू? त्याच्या तोंडाकडे बघून जीभ उचलत नाही. म्हणून घरात अशक्तपणा सांगितलाय. चिठ्ठी कापसाच्या पोत्यामागे आहे. बेबीबाई रोज मागे लागते, तिला म्हटलं की केळीचे घड उतरले, लोकांकडे पैसा आला, आता लग्नाच्या गाद्यांची गर्दी आहे, मग बघू. तिला माझी शपथ घातलीय. तुलाही घालते.

दुआ कर. माझ्यावर रागावू नकोस, बेटा, रागावलीस तर मला इथे कोण आहे?
अम्मी


७८६
लेस्टर,
२३ एप्रिल २०२५

ती. अम्मीस मेहरूनचा सलाम.

तू परवापासून फोनवर येत नाहीस. तस्लीम सांगते, झोपलीय. सकाळी अकरालाही झोपलीय, संध्याकाळीही झोपलीय. म्हणून लिहिते.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. मी रात्रीपर्यंतही न थांबता फोन लावला. रईसने स्पीकर लावला तो मी राहू दिला. तस्लीम होती, पोरांना तिने बाहेर काढलं एवढं मला ऐकू आलं. मी सगळं सांगितलं. ऑगस्टपासून, कापूस, खोटी नमाज, गोळ्या कोणी पाठवल्या, किती पाठवल्या, आणि चिठ्ठी कुठे आहे. तू मध्येच म्हणालीस की पोरीचं डोकं फिरलंय. रईसने फोन कापला. त्यानंतर त्याने मला फोन केला नाही, पण धुळ्याच्या दवाखान्यासाठी गोळीचं नाव आणि तारखा लिहून पाठव, असा दोन ओळींचा निरोप आला. मी पाठवल्या.

शपथ मोडली. तुझं गुपित फोडलं, तुला उघडं पाडलं, जे तू समजशील ते खरं आहे. तू माझ्यासाठी डॉक्टरांशी खोटं बोललीस. ते खोटं चालू ठेवायचं तर मला गप्प बसून तुला मरू द्यायला लागलं असतं. ते मला जमलं नाही.

काल मी तपासणीला गेले. नर्स केरळची होती, पाच मिनिटांचं काम. हफ्सा शाळा बुडवून आली आणि बाहेर बसली. आम्ही दोघी बसने परत आलो. तिने माझी पिशवी धरली होती.

बोलली नाहीस तरी चालेल, जा मात्र.
तुझी,
मेहरून


७८६
शहादा,
१० जून २०२५

मेहरून,

ऑपरेशन झालं, पिशवी काढली, हे तुला रईसने कळवलंच असेल. कॅन्सर होता. पिशवीच्या भिंतीत शिरला होता, बाहेर फार गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले की सहा महिने आधी आणलं असतं तर नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं, अजून थोडे महिने काढले असते तर इलाज नव्हता. आता रेडिएशनचे शेक देतात. पंचवीस द्यायचे, नऊ झाले. त्यासाठी नाशकात तस्लीमच्या खालांकडे राहते, चार दिवसांची सुटी म्हणून घरी आले आहे.

तुझ्या फोननंतर रईस दुकानात जाऊन बसला. मशीन चालू केलं आणि त्यात कापूस घालायचाच विसरला, ते नुसतंच फिरत होतं. तस्लीमने जाऊन बंद केलं. धुळ्यापर्यंत गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते, तो समोर. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने खिशातून कागद काढला आणि माझं सगळं, ते सगळं, मान खाली घालून वाचून दाखवलं. कान लाल झाले होते. एकही तारीख चुकला नाही. मी तोंडावर पदर घेतला होता, त्याच्याकडे बघितलं नाही. परत आल्यावर तस्लीम एवढंच म्हणाली की अम्मी, मी दाराच्या पलीकडेच तर होते.

तुला माफ केलं असं समजू नकोस. सगळ्यांसमोर माझं अंग उघडं केलंस. दवाखान्यात पडल्या पडल्या पक्कं ठरवलं होतं की आता तुला एक ओळ लिहायची नाही, पत्त्याच्या उरलेल्या चिठ्ठ्या फाडून टाकायच्या.

शेक देताना आत एकटीलाच ठेवतात. सगळे बाहेर जातात, जाड दार लावून घेतात. हलायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या दिवशी फार भ्याले. मग तिथे पडल्या पडल्या मनातल्या मनात तुला शिव्या द्यायला लागले, एकेक मुद्दा घेऊन, सविस्तर. वेळ कधी सरला कळलंच नाही. आता रोज तसंच करते. तुझ्यावर किती रागावले आहे हे मला कोणाला तरी सांगायचंय, बेटा, आणि तुझ्याशिवाय सांगायला मला कोणी नाही.

अजून सोळा शेक आहेत. लिही.

तुझी अम्मी,
हमिदाबी